जुना ४२ इंची प्लाझ्मा दुरुस्त करू, की ४३ इंची एलईडी घेऊ?

पश्चिमखिडकी

नमस्कार मंडळी. हॉलमध्ये २०११ सालचा ४२ इंची प्लाझ्मा आहे, १०२४ × ७६८ वाला. चालू केला की रिलेचा टक् आवाज येतो, दोन-तीन सेकंदांत बंद पडतो आणि पुढचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, परत लुकलुकतो. मेकॅनिक म्हणतो बोर्ड गेलाय. जुना बोर्ड मिळवून बसवायचे ४,५०० रुपये, हमी १ महिना. दुकानदार म्हणतो यात पैसे घालू नका, ४३ इंची फोर-के एलईडी न्या.

बसायची जागा पडद्यापासून १० फुटांवर. खिडकी पश्चिमेला, दुपारी ३ नंतर ऊन थेट समोरच्या भिंतीवर. टीव्ही रोज सरासरी ५ तास चालतो: दिवसा वडिलांच्या बातम्या, रात्री क्रिकेट किंवा सिनेमा. प्लाझ्माचं चित्र एलसीडीपेक्षा चांगलं असं अजून ऐकू येतं, म्हणून मन होत नाही. आणखी एक, ओळखीत कुणीतरी ५० इंची प्लाझ्मा ९,००० ला विकतंय. तो घेण्यात काही अर्थ आहे का?

सोल्डरगन

आधी दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. तीनदा मोजा, कारण पहिल्या खेपेला एखादा हुकतोच. तो आकडा म्हणजे सेटने स्वतः सांगितलेला दोष. अर्थ बनावटीप्रमाणे बदलतो, त्यामुळे मॉडेल नंबर टाकून सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघायचा.

'बोर्ड गेलाय' एवढ्यावर ४,५०० देऊ नका. कोणता बोर्ड, ते विचारा. प्लाझ्मात मागचं झाकण काढलं की साधारण असं दिसतं: मधे पॉवर सप्लाय, शेजारी मेन बोर्ड आणि लॉजिक बोर्ड, एका कडेला वाय-सस्टेन (काचेला उजळायचे झटके देणारा बोर्ड, कुणी वाय-मेन म्हणतं, कुणी एससी), दुसऱ्या कडेला एक्स किंवा झेड-सस्टेन (तोच एसएस). वाय-सस्टेनला चिकटून वर-खाली दोन बफर बोर्ड असतात, त्यांवरच्या आयसी पडद्याच्या एकेका आडव्या ओळीला व्होल्टेज पोचवतात. पॅनेलच्या खालच्या किंवा वरच्या काठाला काचेला चिकटवलेल्या पट्ट्या असतात, त्या उभ्या ओळींच्या.

आता कशाला हात घालायचा आणि कशाला नाही. सप्लाय, सस्टेन, बफर, मेन हे सगळे बदलता येतात. उभी रेघ किंवा उभा काळा पट्टा कायमचा दिसत असेल तर काचेला चिकटवलेली पट्टी गेलेली असते, ती गल्लीतल्या दुकानात होत नाही. पॅनेलला तडा गेला तर आतला वायू गेला, विषय संपला. तुमचा सेट चालू होऊन लगेच बंद होतोय, म्हणजे संरक्षण सर्किट काम करतंय. काच बहुतेक शाबूत आहे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. वाय-सस्टेन आणि बफर एकमेकांना मारतात. बफरमधली एक आयसी शॉर्ट झाली की ती सस्टेनचे ट्रान्झिस्टर उडवते. मेकॅनिक फक्त सस्टेन बदलतो, चालू करतो, तोच शॉर्ट बफर नवीन बोर्डही अर्ध्या सेकंदात खातो. १ महिन्याची हमी त्या अर्ध्या सेकंदाला लागू होत नाही. म्हणून सेट बंद असताना, बफर सोडवून, मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून बफरच्या तरंगत्या ग्राउंडपासून प्रत्येक आउटपुट तपासायला सांगा. सगळे एकसारखे, साधारण ०.५-०.७ च्या आसपास दाखवायला हवेत. एखादा जरी शून्याजवळ आला तरी तो बफर बाद.

बोर्ड बसवल्यावरचं कामही असतं. पॅनेलच्या मागे एक स्टिकर असतो, त्यावर त्या काचेची व्होल्टेजं छापलेली असतात. व्हीएस (सस्टेनचं व्होल्टेज) साधारण १८०-२१० व्होल्टच्या दरम्यान, व्हीए (उभ्या ओळींचं) ५५-७५. दुसऱ्या सेटमधून काढलेला बोर्ड त्या दुसऱ्या काचेला जुळवलेला असतो. पांढरा पडदा लावून १० मिनिटं तापू द्यायचं आणि मग ट्रिमर फिरवून स्टिकरवरच्या आकड्याला १ व्होल्टच्या आत आणायचं. हे न करता दिलेल्या सेटवर काळ्या भागात लाल-हिरवे ठिपके चमचमतात, आणि गिऱ्हाईक समजतं प्लाझ्मा असाच असतो.

स्वतः उघडणार असाल तर प्लग काढून ५ मिनिटं थांबा आणि तरीही विश्वास ठेवू नका. सप्लायवरच्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३९० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. २.२ किलोओहम १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी १० सेकंद लावा आणि मीटरवर शून्य दिसल्याशिवाय बोट घालू नका. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणारे बहाद्दर असतात. ट्रॅक उडतो, कधी बोटही भाजतं.

मिलीसेकंद

'प्लाझ्माचं चित्र चांगलं' हे अर्धवट खरं आहे. कुठल्या बाबतीत चांगलं, ते सुटं करून बघू.

प्लाझ्मात प्रत्येक घर, म्हणजे ठिपका, स्वतः उजळतं. निऑन-झेनॉन वायूत डिस्चार्ज होतो, अतिनील किरण निघतात, ते फॉस्फरवर पडून लाल, हिरवा, निळा दिसतो. मागे दिवा नाही. त्यामुळे काळा बऱ्यापैकी काळा, आणि बाजूने बसलं तरी रंग फिके होत नाहीत. एलसीडीत मागचा दिवा सतत चालू आणि पुढचे स्फटिक तो अडवतात. पूर्ण अडवू शकत नाहीत, म्हणून रात्री काळा राखाडी दिसतो. दुकानदार ज्याला एलईडी म्हणतो तो एलसीडीच आहे, फक्त मागच्या ट्यूबऐवजी एलईडीच्या पट्ट्या.

दुसरी गोष्ट हालचाल. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेमी रुंद असतो. कॅमेरा चेंडूमागे फिरतोय आणि एखादी वस्तू १ सेकंदात पडदा पार करतेय असं धरा. आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं, म्हणजे एलसीडी प्रत्येक चित्र २० मिलीसेकंद जसंच्या तसं धरून ठेवतो. डोळा मात्र सरकत राहतो. परिणामी १.९ सेमीचा पुसटपणा. पॅनेलचा रिस्पॉन्स टाइम कितीही कमी छापला तरी हा जात नाही, कारण दोष संथपणाचा नाही, धरून ठेवण्याचा आहे. प्लाझ्मा प्रकाशाचे झटके देतो, त्यामुळे चेंडूची शिवण नाही तरी चेंडू गोल दिसतो. खोक्यावरचं '६०० हर्ट्झ' मात्र शब्दांचा खेळ: ५० चित्रं गुणिले प्रत्येकी १२ तुकडे. सेकंदाला ६०० चित्रं कुणीच दाखवत नव्हतं.

प्लाझ्माचे दोषही मोजा. जवळून काळसर छटांमध्ये मुंग्या फिरल्यासारखी रवाळ हालचाल दिसते. ५० हर्ट्झवर पांढरं आकाश काहींना लुकलुकतं. आणि पडद्यावर पांढरा भाग वाढला की सेट वीज आवरायला उजेड आपोआप कमी करतो. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर जुना प्लाझ्मा ५०-६० निट्सवर (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) येतो. साधा एलसीडी २५०-३०० निट्स टिकवतो. तुमची खिडकी पश्चिमेची. दुपारी ३ नंतर त्या चकचकीत काचेत वडिलांना बातमीपेक्षा खिडकीच जास्त दिसत असणार.

आता फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके. ४३ इंची पडद्याची उंची ५३-५४ सेमी. फुल एचडीचे ठिपके सुटे दिसायला साडेपाच फुटांच्या आत बसावं लागतं. तुम्ही १० फुटांवर. तिथून तुमच्या जुन्या सेटच्या ७६८ ओळीसुद्धा सुट्या दिसत नाहीत. म्हणून ४३ मध्ये फोर-केसाठी जादा पैसे म्हणजे वाया. तेच पैसे आकारात घाला: १० फुटांना ५५ इंच बेताचा आहे, मोठा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे जुना दर सांगणाऱ्या दुकानातून निघा.

घेताना विचारायचा प्रश्न एकच: पॅनेल व्हीए की आयपीएस? हे एलसीडी पॅनेलचे दोन प्रकार, वरच्या व्होल्टेजच्या व्हीएशी संबंध नाही. व्हीएचा कॉन्ट्रास्ट ३००० ते ५००० ला १, आयपीएसचा १००० च्या आसपास. प्लाझ्माची सवय असलेल्या डोळ्याला रात्री आयपीएस धुक्यासारखा वाटेल. उलट घरात सोफा, खाट, स्वयंपाकघराचं दार अशा तीन कोपऱ्यांतून बघत असाल तर व्हीए बाजूने फिका पडतो, तिथे आयपीएस. विक्रेत्याला माहीत नसतंच. पेनड्राइव्हवर दोन चित्रं न्या, एक पूर्ण काळं, एक मध्यम राखाडी. काळं लावून समोरून बघा, मग ४५ अंशांवर सरका. बाजूने काळ्यावर पांढुरकी झाक चढली पण समोरून घट्ट काळं होतं तर व्हीए. राखाडीवर डाग, पट्टे, मळकट कोपरे दिसले तर तो नग नको. आणि आधी पिक्चर मोड दुकानाच्या भडक सेटिंगवरून 'होम' किंवा 'सिनेमा'वर आणायला लावा, नाहीतर तुम्ही टीव्ही नाही, ट्यूबलाइट बघताय.

युनिटमोजणारा

चित्र वगैरे ठीक आहे हो. ४२ इंची प्लाझ्मा सरासरी १८० वॅट धरा, उजळ बातम्यांना जास्त, काळोख्या सिनेमाला कमी. ४३ चा एलईडी ७० वॅट. फरक ११० वॅट, रोज ५ तास, महिन्याला साडेसोळा युनिट. १० रुपये धरले तर १६५, वर्षाला २,००० च्या घरात. महावितरणचं बिल टप्प्याटप्प्याने चढतं, म्हणजे हे साडेसोळा युनिट तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातले असतात. ३०० च्या रेषेवर घर असेल तर १० रुपये हा अंदाजही कमी पडेल.

शिवाय ते १८० वॅट शेवटी उष्णता होऊनच खोलीत पडतात. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या हॉलला याची गरज नाही.

पण नुसती वीज वाचवायला २५-३० हजारांचा टीव्ही घेऊ नका. त्या हिशोबाने पैसे फिटायला १२ ते १५ वर्षं लागतील.

फ्लक्स

एक भ्रम दूर करतो, कारण वरचं वाचून वाटेल की एलईडी घेतला की दुरुस्ती संपली. ४३ इंची एलसीडीत मागे ३-४ पट्ट्या, एकेकीवर ७ ते १२ एलईडी, सगळे एका माळेत. दिवाळीच्या जुन्या माळेसारखंच, एक गेला की सगळा पडदा अंधारा. आवाज येतो, चित्र नाही. टॉर्च तिरका धरला तर पुसट चित्र हलताना दिसतं, तेच निदान.

बदलताना एक एलईडी लावून देणारे असतात. महिन्या-दोन महिन्यांत शेजारचा जातो, कारण सगळे सारखेच भाजलेले असतात. पूर्ण संच बदला आणि एलईडी ३ व्होल्टचे की ६ व्होल्टचे ते जुन्यावर टेस्टर लावून बघा. चुकीचे लागले तर ड्रायव्हर सेट चालूच होऊ देत नाही. पट्ट्यांपर्यंत पोचायला काच उचलावी लागते. कडेच्या नाजूक फिल्मला धक्का लागला की रेघा येतात आणि मग टीव्ही भंगार. दोन माणसं, चार सक्शन कप, एकट्याने नाही.

पडद्यावर पांढरे गोल ठिपके आले तर पॅनेल खराब झालेलं नसतं. एलईडीवरचं भिंग निखळून पडलेलं असतं. ते इपॉक्सीने चिकटवा. फेविक्विक नको, त्याच्या वाफेने भिंग पांढुरकं होतं आणि डाग तसाच राहतो.

हे सगळं लांबवायचा फुकट उपाय: नवा टीव्ही लागल्याच्या दिवशी बॅकलाइट १०० वरून ६०-७० वर आणा. रात्री तेवढा पुरून उरतो. पट्ट्या उष्णतेने मरतात, वयाने नाही.

पश्चिमखिडकी

खूपच उपयोगी, आभार. दिवा तीनदा मोजला, ७ वेळा लुकलुकतो. सेटमधल्या बोर्डांवर एससी, एसएस, एसयू, एसडी अशी नावं आहेत. मेकॅनिक परवा मीटर घेऊन येतोय.

५० इंची जुन्या प्लाझ्माबद्दल कुणी बोललं नाही. आणि प्लाझ्मासारखा काळा हवा तर ओलेड घ्या असं एका दुकानात सांगितलं.

सोल्डरगन

बोर्डांना अशी नावं असलेल्या बनावटीत ७ म्हणजे बहुतेक एससी बोर्डाचा दोष. एसयू आणि एसडी हेच तुमचे दोन बफर. वर लिहिलेली तपासणी त्यांचीच. मेकॅनिकला आधी एसयू-एसडी मोजायला लावा, नंतर एससीवर व्हीएस ते ग्राउंड रेझिस्टन्स. काही ओहम आला तर शॉर्ट.

९,००० चा ५० इंची घेऊ नका. चित्र उत्तम असेल तरीही. पॅनासॉनिकने प्लाझ्माचं उत्पादन डिसेंबर २०१३ मध्ये थांबवलं, सॅमसंग आणि एलजी २०१४ च्या शेवटी बाहेर पडले. म्हणजे आज मिळणारा प्रत्येक सुटा बोर्ड दुसऱ्या मेलेल्या सेटमधला. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत शोधून मिळतोही, पण तो किती तास चाललाय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

तरी मोह आवरत नसेल तर बघायला जाताना घरून पांढरं, लाल आणि राखाडी चित्र न्या. पूर्ण राखाडीवर वाहिनीचा लोगो किंवा खालच्या बातमीपट्टीची छाप दिसली तर ती छाप बहुतेक आता कायमची. थंड सेट चालू करून बघा, मालकाने आधीच तापवून ठेवलेला नको. सस्टेनचा दोष बऱ्याचदा थंडीतच दिसतो. आणि अर्धा तास तरी तिथे बसा. चहा मिळेल.

मिलीसेकंद

ओलेडमध्येही प्रत्येक घर स्वतः उजळतं आणि त्याचा काळा प्लाझ्माहून खोल आहे, यात वाद नाही. पण घरात दिवसभर बातम्यांची पट्टी चालणार असेल तर जो ठसा प्लाझ्मावर बसतो तोच ओलेडवर बसतो. दुसरं कारण जास्त देशी आहे. आपण रिमोटने टीव्ही बंद करतो आणि झोपताना भिंतीवरचं बटणही बंद करतो. ओलेड एकूण ४ तास चालला की नंतर स्टँडबायमध्ये स्वतःची घरं मोजून समतोल करतो, काही मिनिटं लागतात. भिंतीचं बटण बंद केलं की ते काम होतच नाही आणि ठसा लवकर बसतो. वडिलांना ही सवय मोडायला सांगणार का? मग ओलेड नको.

तुमच्या घरासाठी व्हीए पॅनेलचा एलसीडी, ५५ जमत असेल तर ५५. दिवसा ऊन, बातमीपट्टी, ५ तास वापर, तिन्ही गोष्टी एलसीडीच्या बाजूच्या. रात्रीच्या क्रिकेटसाठी दोन सेटिंग नीट लावा. सेट टॉप बॉक्सचं आउटपुट ५० हर्ट्झवर ठेवा, ६० वर नाही. आणि टीव्हीतल्या अ‍ॅपवर सामना बघताना चित्र सतत अडखळत असेल तर अँड्रॉइड टीव्हीत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'मॅच कंटेंट फ्रेम रेट' शोधा. ५० चित्रांचा सामना ६० च्या पडद्यावर बसवताना दर पाचव्या चित्राची पुनरावृत्ती होते, अडखळण त्याची. सगळी अ‍ॅप हे मानत नाहीत, तेव्हा सेट टॉप बॉक्सच बरा.

पडद्याच्या मागून उजेड येईल असा साधा ५-७ वॅटचा पिवळसर बल्ब भिंतीवर ठेवा. व्हीएचा राखाडी काळा त्याने काळा दिसायला लागतो. सगळ्यात स्वस्त सुधारणा.

पश्चिमखिडकी

मेकॅनिक येऊन गेला. एसयूवर ओळीने ११ आउटपुट शून्याजवळ, एसडी ठीक. एससीवर व्हीएस ते ग्राउंड ४ ओहम. तो आता म्हणतो एससी आणि एसयू दोन्ही लागतील, ७,८०० रुपये. हमी तेवढीच.

सोल्डरगन

मग सोडून द्या. प्रामाणिक मेकॅनिक आहे, आकडे लपवले नाहीत. दोन्ही बदलणं बरोबरच आहे. पण ७,८०० मध्ये दोन जुने बोर्ड, आणि एसडीचं वय एसयूइतकंच. ४,५०० ला एक वेळ हो म्हटलं असतं.

सेट भंगारवाल्याला काचेच्या भावात देऊ नका. त्याच मेकॅनिकला द्या. सप्लाय, लॉजिक, एसएस, एसडी आणि शाबूत काच, एवढं सामान दुसऱ्या कुणाचा सेट उभा करतं. नव्या टीव्हीच्या फिटिंगमध्ये काही पैसे कमी करून मागा. आणि जिना उतरवताना उभाच धरा, दोघांनी. आडवा धरला की मधोमध काच स्वतःच्या वजनाने वाकते, आणि मग त्याला फक्त बोर्ड मिळतील.

पश्चिमखिडकी

ठरलं. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन ५५ बघायला जातोय. भिंतीवरचा जुना ब्रॅकेट चालेल का?

फ्लक्स

वजनाची काळजी नाही, जुना २०-२५ किलोचा पेलत होता, नवा त्याहून हलका. भोकांचं अंतर बघा. नव्या टीव्हीच्या माहितीत वेसाचे (पाठीवरच्या भोकांच्या अंतराचं मानक) मिलिमीटरमधले दोन आकडे असतात, ते जुन्या पट्ट्यांवर मोजून घ्या. स्क्रू मात्र नव्या खोक्यातलेच. जुने लांब स्क्रू एलसीडीच्या पाठीतून थेट बॅकलाइटपर्यंत जातात.